सूचनाचित्र कार्यशाळा

एकाने सूचना लिहायची आणि दुसऱ्यांनी ती वाचून चित्र काढायचे, अशा रीतीने समकालीन कलेची ओळख करून देणारी सामूहिक कार्यशाळा. या कल्पनेचे मूळ आहे अमेरिकन चित्रकार सोल लेविट (1928–2007) यांच्या भित्तिचित्रांत. 1968 मध्ये त्यांनी पहिले चित्र थेट भिंतीवर काढले. पुढे बहुतेकदा सूचना त्यांची आणि रेघा मारणारे हात दुसऱ्यांचे. अमेरिकेतल्या मास मोका संग्रहालयात 2008 पासून त्यांची 105 भित्तिचित्रे मांडली आहेत. ती काढली गेली तेव्हा लेविट हयात नव्हते.

नाशिककरांना ही कल्पना फारशी परकी वाटू नये. ‘पंधरा ते आठ ठिपके’ एवढ्या शब्दांवर दारात रांगोळी उमटते, आणि गोदाघाटावरच्या पाडवा पटांगणात तर महारांगोळीला अनेकींचे हात लागतात. फरक असा की रांगोळीत चुकले तर पुसतात. इथे चूक तशीच ठेवायची. म्हणून खोडरबर देऊच नये.

सोळा जणांना 8 बाय 4 फुटी प्लायच्या चार फळ्या लागतात, लांब बाजू आडवी ठेवून उभ्या केलेल्या. त्यांवर मॅट पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्यावेत. ऑइल पेंटवर पेन्सिल घसरते, चुन्याच्या भिंतीत टोक रुतते. पावसाळ्यात प्रायमर आदल्या दिवशीच मारावा. ओलसर थरावर रेघेऐवजी ओरखडा उठतो. माणशी दोन 2बी पेन्सिली, शार्पनर आणि गटाला एक ओळंबा पुरे.

सरावाची पहिली सूचना सर्वांना एकच: वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा, सरळ नकोत, एकमेकींना टेकू नयेत, अंतर साधारण 2 सेंटिमीटर. एका फळीला सुमारे 120 रेघा, म्हणजे माणशी तीस. प्रत्येक जण शेजारच्या रेघेचे वळण गिरवतो, त्यामुळे एखादा बारीकसा फुगवटा दहाव्या रेघेपर्यंत चांगला पोट काढतो. दोन टोकांकडून सुरुवात केली तर मधे फट उरते किंवा गर्दी होते. ओळंबा अशा वेळी कामाचा: दर फुटाला खूण केली की तिरपेपणा आवरतो.

खरी मजा दुसऱ्या फेरीत. प्रत्येक गटाने पंचवीस शब्दांच्या आत स्वतःची सूचना लिहायची, कागद शेजारच्या गटाला द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचे. ‘एक हात लांब रेघ मारा’ असे लिहिले, तर कोणी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजून दीड फूट घेतो, कोणी खांद्यापासून मोजतो, कोणी नुसता पंजा टेकवतो. ‘उजव्या कोपऱ्यातून’ म्हटले की वरचा की खालचा, हा प्रश्न आलाच. लिहिणाऱ्याची चुळबुळ सुरू होते, पण त्याला खुलासा करू दिला की कार्यशाळा फसली. उरते ती चित्रकलेची शिकवणी. सूचना फार बारकाईने लिहिली तर चारही हात एकसारखे चालतात आणि फळी निर्जीव दिसते. फार सैल लिहिली तर जो तो आपली फुले-पाने काढू लागतो.

या फेरीला सव्वा तास आणि पाहण्या-बोलण्याला अर्धा तास ठेवावा. बोलताना आधी मूळ कागद मोठ्याने वाचावा, मग फळीकडे वळावे.

लेविट यांची चित्रे प्रदर्शनानंतर अनेकदा रंगाखाली जात. सूचना तेवढी जपली जाई. तसेच इथेही कागद ठेवून फळी पांढरी करतात. प्रायमरच्या एका हातात पेन्सिलीचे ग्रॅफाइट झाकले जात नाही, राखाडी रेघा डोकावत राहतात. दोन हात द्यावे लागतात.