अजून ‘अ’वरच! पुण्याच्या संस्कृत महाकोशाची पार्श्वभूमी

डेक्कन कॉलेजच्या संस्कृत कोशाची बातमी अधूनमधून येते आणि तिच्यावरची प्रतिक्रियाही ठरलेली असते: 1948 साली हाती घेतलेलं काम अजून ‘अ’वरच? थट्टा जरूर करावी, पण हा कोश नेमकं काय करायला बसलाय ते आधी पाहिलेलं बरं.

आपल्याकडे कोशांची परंपरा जुनी असली तरी तिचं काम निराळं होतं. निघंटूत वैदिक शब्दांच्या नुसत्या याद्या आहेत. पृथ्वीचीच 21 नावं ओळीनं येतात. त्यांचा उलगडा प्राचीन भाष्यकार यास्कानं आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात केला. अमरकोश तर पाठांतरासाठीच रचलेला: तीन कांडं, श्लोकबद्ध पर्यायशब्द आणि त्यांची लिंगं. श्लोक जुळवणाऱ्याला त्याचा मोठाच आधार. मात्र एखादा अर्थ कोणत्या ग्रंथात सापडतो, त्यातला आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, हे तो सांगत नाही. त्याच्याकडून कुणी तशी अपेक्षाही केली नव्हती.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात ऐरणीवर आला. विल्सनचा संस्कृत-इंग्रजी कोश 1819 मध्ये कलकत्त्यात निघाला. पुढे बोटलिंक आणि रोट यांनी सेंट पीटर्सबर्गहून 1855 ते 1875 या काळात सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश काढला आणि अर्थापुढे ग्रंथातला दाखला देण्याचा पायंडा पाडला. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशावर त्याचं मोठं ऋण आहे. पुण्यात फर्ग्युसनचे प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 मध्ये आला. विद्यार्थी आजही आधी तोच उघडतात.

डेक्कन कॉलेजचं मूळही संस्कृतातच आहे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर त्या निधीतला काही भाग वळवून कंपनी सरकारनं 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. 1934 मध्ये सरकारनं ते बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, आणि 1939 मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभं राहिलं. तिथले संचालक सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1948 मध्ये हा कोश मांडला. नमुना समोर होता तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा: शब्दाचा पहिला आढळ शोधायचा आणि अर्थ कालक्रमानं लावायचे.

त्यासाठी ऋग्वेदापासून पुढचे सुमारे 1500 ग्रंथ वाचून काढले. त्यांत व्याकरण, वैद्यक, न्याय (तर्कशास्त्र), गणित, शिल्प अशा 62 ज्ञानशाखा आल्या. एकेक शब्द त्याच्या वाक्यासह आणि ग्रंथातल्या ठिकाणासह चिठ्ठीवर उतरवला गेला. नुसतं हे वेचण्याचं काम 1973 पर्यंत चाललं. चिठ्ठ्या झाल्या जवळपास एक कोटी. पहिले मुख्य संपादक अ. मा. घाटगे यांच्या हाताखाली छपाई सुरू झाली आणि 1976 मध्ये पहिला भाग बाहेर पडला.

हा खटाटोप कशासाठी, हे ‘असुर’ या एका शब्दावरून कळावं. ऋग्वेदाच्या जुन्या सूक्तांत वरुणाला असुर म्हटलंय, आणि ते गौरवानं: सामर्थ्यवान, स्वामी या अर्थी. नंतर तोच शब्द देवांच्या वैऱ्यांना चिकटला. ‘असुर म्हणजे राक्षस’ एवढंच हाताशी घेऊन ऋग्वेद वाचायला बसलात तर वरुणाचं काय करायचं? दाखले काळानुसार मांडल्याशिवाय हे वळण दिसत नाही.

आता ‘अ’विषयी. संस्कृतात हे अक्षर भलतंच अवजड आहे. अति, अधि, अनु, अप, अपि, अभि, अव हे उपसर्ग त्यातच पडतात. शिवाय नकारार्थी ‘अ’ आणि ‘अन्’ जवळपास कोणत्याही नामा-विशेषणाला लागतात. मोनियर-विल्यम्सच्या 1899 च्या आवृत्तीत 1300 हून अधिक पानांपैकी सुमारे 125 पानं एकट्या ‘अ’नं घेतली आहेत. म्हणून पुण्याचे 35 खंड निघूनही अक्षर तेच राहिलं. तरीही वेग कमी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. एकेका नोंदीसाठी शेकडो चिठ्ठ्या पुढ्यात घेऊन बसणारी माणसं लागतात, ती तयार व्हायला वर्षं जातात आणि निवृत्त झालेल्यांच्या जागी नवी चटकन मिळत नाहीत.

अलीकडे या चिठ्ठ्यांचं संगणकीकरण झालं आणि संपादनासाठी ‘कोशश्री’ नावाची प्रणालीही आली. त्यामुळे चिठ्ठ्या शोधणं, लावणं सोपं झालं. दाखल्यातला अर्थ ठरवण्यासाठी मूळ ग्रंथ आणि त्यावरची टीका, म्हणजे जुनं स्पष्टीकरण, मात्र आजही उघडावी लागते.