प्रोसेसमधला कॅशे की शेजारचा रेडिस?

एकाच सर्व्हरवरचं ॲप्लिकेशन जड चालायला लागलं की बहुतेकदा ठरलेला सल्ला मिळतो: ‘रेडिस लाव,’ म्हणजे माहिती रॅममध्ये ठेवणारा वेगळा प्रोग्राम शेजारी चालव. हेतू रास्त असतो. तीच क्वेरी डेटाबेसला पुन्हा पुन्हा विचारू नये, उत्तर रॅममध्ये धरून ठेवावं. यालाच कॅशे म्हणतात. पण ते धरून ठेवायच्या जागा दोन आहेत. एक ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये (म्हणजे त्याच चालू प्रोग्रामच्या मेमरीत): पायथनची डिक्शनरी किंवा एलआरयू कॅशे (बराच वेळ न वापरलेली नोंद आधी काढणारा), जावाची कॅफीन लायब्ररी, गोचा मॅप. दुसरी त्याच मशीनवर वेगळ्या प्रोसेसमध्ये: रेडिस किंवा मेमकॅश्ड. दोन्हीकडे ‘की’ (नोंदीचं नाव) दिली की व्हॅल्यू (तिची माहिती) मिळते, म्हणून ही दोन्ही एकच गोष्ट समजली जाते. मशीन एकच असेल तर हा गैरसमज हमखास होतो.

आधी वेग. प्रोसेसमधल्या डिक्शनरीत की शोधायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, बऱ्याचदा त्याहूनही कमी. रेडिस त्याच मशीनवर असला तरी विनंतीचे बाइट्स तयार होतात, सॉकेटमधून कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) जातात, रेडिस ते वाचून उत्तर पाठवतो आणि आपण त्या बाइट्सचं परत ऑब्जेक्ट बनवतो. यात दहा-वीस मायक्रोसेकंद तरी सहज जातात, पायथनसारख्या भाषेत आणखी जास्त. म्हणजे फरक शेकडो पटींचा. पोस्टग्रेस हा डेटाबेस त्याच मशीनवर असेल, तर प्रायमरी कीवरून एक रो काढायलाही मिलिसेकंदाहून कमी वेळ पुरतो. अशा क्वेरीपुढे रेडिस बसवून हाती फारसं लागत नाही. एसक्यूलाइट हे डेटाबेस सॉफ्टवेअर तर आपल्याच प्रोसेसमध्ये चालतं. त्याच्या साध्या क्वेरीपुढे रेडिस ठेवला तर काम उलट हळूही होऊ शकतं. कॅशे करायच्या त्या महागड्या गोष्टी: दहा टेबलांचा जॉइन, बाहेरच्या एपीआयचं उत्तर, पूर्ण तयार झालेलं पान.

मग एकाच मशीनवर रेडिस हवाच कशाला? ज्या प्रश्नावर खरा निर्णय व्हायला हवा तो वेगाचा नाहीच. ही माहिती किती प्रोसेसना मिळून वापरायची आहे, हा तो प्रश्न.

समजा, एका वाचनालयाची वेबसाइट पायथनच्या जँगो फ्रेमवर्कवर आहे आणि ती चालवणाऱ्या गनिकॉर्न सर्व्हरचे 4 वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) चालू आहेत. मशीन एक, पण प्रोसेस चार, आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी. जँगोत काहीच सेटिंग केलं नाही तर मिळणारा कॅशे हा प्रोसेसपुरता असतो. त्यात 300 नोंदी मावतात आणि मुदत 300 सेकंदांची असते. आता ग्रंथपालांनी एक पुस्तक ‘परत आलं’ असं नोंदवलं. ती विनंती ज्या वर्करकडे गेली त्याने आपल्या कॅशेतली जुनी नोंद पुसली. बाकी तिघांना पत्ताच नाही. वाचक पान रिफ्रेश करतो तेव्हा पुस्तक कधी उपलब्ध दिसतं, कधी दिलेलं दिसतं. डेव्हलपमेंट सर्व्हर एकाच प्रोसेसमध्ये चालत असल्यामुळे आपल्या लॅपटॉपवर हा दोष दिसत नाही, आणि म्हणूनच तो शोधताना फार वेळ जातो.

मोजणीच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं. ‘पाच वेळा पासवर्ड चुकला की लॉगिन थांबवा’ हा आकडा प्रोसेसमधल्या कॅशेत ठेवला, तर चार वर्करांवर मिळून वीस प्रयत्नांपर्यंत वाट मोकळी राहते. इथे मात्र रेडिस लावावाच. आकडा एक, आणि सगळ्यांना तोच दिसतो.

गो किंवा जावामध्ये चित्र वेगळं आहे, कारण तिथे बहुधा एकच प्रोसेस अनेक थ्रेड (एकाच मेमरीत समांतर चालणारी कामं) चालवते आणि प्रोसेसमधला कॅशे सगळ्यांना आपोआप सामायिक होतो. पीएचपीत एपीसीयू हा कॅशे मधला मार्ग आहे: पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमचे वर्कर वेगळे असले तरी ते एकच शेअर्ड मेमरी वाचतात. म्हणून दुसऱ्या भाषेतल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. मेमकॅश्ड 2003 मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या ब्लॉग साइटसाठी लिहिलं. तिथे अडचण अनेक वेब सर्व्हरांनी मिळून एक कॅशे वापरण्याची होती. अनेक मशीन असोत की एका मशीनवरच्या अनेक प्रोसेस, सामायिक करण्याची ही गरज सारखीच.

डिप्लॉयच्या (नवा कोड सर्व्हरवर चढवण्याच्या) वेळीही दोघांची तऱ्हा वेगळी. प्रोसेसमधला कॅशे रीस्टार्टबरोबर संपतो आणि पहिली काही मिनिटं डेटाबेसवर भार येतो. रेडिसमधली माहिती टिकते, पण मग जुन्या कोडने ठेवलेलं ऑब्जेक्ट नवा कोड वाचतो आणि एखादं फील्ड सापडत नाही म्हणून कोसळतो. कीमध्ये आवृत्तीचा आकडा घातला की हे टळतं.

अजून एक फरक सहसा कुणी सांगत नाही. रेडिसमधून येते ती नेहमी प्रत. पायथनचा एलआरयू कॅशे मात्र तेच मूळ ऑब्जेक्ट हातात देतो. मिळालेल्या यादीत कुणी एक नोंद जोडली, तर पुढच्या प्रत्येकाला ती बदललेली यादीच मिळते. तिथे यादीऐवजी टपल (न बदलता येणारी यादी) ठेवावं. शिवाय या एलआरयू कॅशेला मुदत नसते, फक्त नोंदींची मर्यादा असते, न सांगता 128. साध्या डिक्शनरीला तर कसलीच मर्यादा नाही. ती वाढत वाढत सगळी रॅम खाते.

माझं मत स्पष्ट आहे: एक मशीन आणि एक प्रोसेस असेल तर रेडिस नको, मर्यादा आणि मुदत घातलेला प्रोसेसमधला कॅशे पुरतो. प्रोसेस अनेक असतील, तरी देशांची यादी किंवा करांचे दर यांसारखी क्वचित बदलणारी आणि थोडी शिळी चालणारी माहिती प्रोसेसमध्येच ठेवावी. बदलताक्षणी सगळीकडे दिसायला हवं ते, आणि मोजण्या, रेडिसमध्ये.

रेडिस लावलाच तर 64 बिट मशीनवर त्याला मेमरीची मर्यादा मुळात नसते, ती स्वतः द्यावी लागते. मर्यादा दिली तरी सुरुवातीचं धोरण काहीही न काढण्याचं असतं, म्हणजे मेमरी भरली की नवं लिहिणं नाकारलं जातं. कॅशेसाठी कमी वापरलेल्या की काढणारं धोरण निवडावं. मेमकॅश्ड याबाबतीत सरळ आहे: सुरुवातीलाच 64 एमबीची मर्यादा आणि जागा संपली की जुन्या नोंदी बाहेर. रेडिसमधले डिस्कवरचे स्नॅपशॉटही (मेमरीतल्या माहितीच्या साठवलेल्या प्रती) निव्वळ कॅशेसाठी बंद करावेत. स्नॅपशॉट घेताना रेडिस स्वतःची दुसरी प्रोसेस काढतो, आणि त्या वेळी लिखाण जोरात चालू असेल तर मेमरीचा वापर दुपटीच्या जवळ जाऊ शकतो. 2 जीबी रॅमच्या मशीनवर अशा क्षणी लिनक्स मेमरी मोकळी करायला एखादी प्रोसेस मारतो, आणि ती तुमचा डेटाबेसही असू शकते.