काळीज घरी विसरलेला ससा

माकड आणि मगरीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत जायच्या आधीच ऐकलेली असते. मगरीच्या बायकोला माकडाचं काळीज खायचं असतं, मगर माकडाला पाठीवर घेऊन निघते आणि माकड नदीच्या मधोमध म्हणतं, "अरेरे, आधी सांगायचंस की! काळीज तर झाडावरच राहिलं." पंचतंत्रात ते झाड जांभळाचं आहे, पाली जातकात उंबराचं. २०२० साली कोरियाच्या पर्यटन खात्याच्या एका चित्रफितीत विचित्र टोप्या घातलेले नर्तक सोलच्या रस्त्यांवर नाचले आणि मागे 'वाघ उतरतोय' असं गाणं वाजत होतं. ती चित्रफीत जगभर फिरली. त्या गाण्याचं मूळ शोधत गेलं की आपण याच जांभळाखाली येऊन पोहोचतो.

वाट मात्र लांबची आहे. बौद्ध कथा चीनमध्ये गेल्या, तिसऱ्या शतकापासून त्यांची भाषांतरं होऊ लागली आणि वाटेत मगरीचं कासव झालं, हृदयाचं यकृत झालं. मराठीत हा बदल जाणवणारही नाही. आपलं 'काळीज' खाटकाकडे यकृत असतं आणि कवितेत हृदय. कोरियात पोहोचेपर्यंत माकडही गळलं. तिथल्या रानात माकडं नाहीत, त्यामुळे ती जागा सशाने घेतली. कासवाला पाठवणारा राजा समुद्रतळाचा, म्हणजे योंगवांग. चिनी भाषांतरकारांनी आपल्या नागराजाला जे रूप दिलं, त्याचाच हा कोरियन अवतार.

कोरियात ही गोष्ट पहिल्यांदा सापडते ती चक्क राजकारणाच्या इतिहासात. किम बु-सिक याने ११४५ साली पूर्ण केलेल्या 'साम्गुक सागी' या ग्रंथात ६४२ सालचा प्रसंग आहे. सिल्ला राज्याचा किम छुन-छू उत्तरेच्या गोगुर्यो राज्यात लष्करी मदत मागायला गेला. तिथल्या राजाने मोबदल्यात जमीन मागितली, याने नकार दिला आणि त्याला अडकवून ठेवलं गेलं. त्याने सॉन दो-हे नावाच्या दरबाऱ्याला गुपचूप कापड भेट दिलं. दरबारी मेजवानी घेऊन आला आणि पेला चढल्यावर म्हणाला, ससा-कासवाची गोष्ट ऐकली आहेस का? समुद्रराजाची मुलगी आजारी, औषध म्हणजे सशाचं यकृत, आणि पाठीवरचा ससा म्हणतो, 'मी ते धुवायला काढलं होतं, खडकाखाली राहिलं.' किमला इशारा कळला. 'परत गेलो की जमीन मिळवून देतो' असं त्याने राजाला कळवलं आणि सुटला. पुढे तो सिल्लाचा राजा मुयॉल झाला.

गोष्टीला सूर मिळाले ते त्यानंतर हजारेक वर्षांनी. पान्सोरी हा गाऊन कथा सांगण्याचा प्रकार मुख्यतः कोरियाच्या नैर्ऋत्येकडच्या जोल्ला प्रांतात वाढला. अठराव्या शतकात तो चांगला रुजलेला दिसतो. 'पान' म्हणजे लोक जमतात ती जागा आणि 'सोरी' म्हणजे आवाज. चटईवर एक गायक, हातात पंखा, बाजूला बसलेला एक गोसू आणि त्याचा ढोल, बास. गायक मध्येच गाणं थांबवून बोलतो, त्याला आनिरी म्हणतात, आणि मग पुन्हा तालावर चढतो. गोसू नुसता ताल धरत नाही. तो 'ओल्सीगू!', 'जोता!' अशी दाद देत गायकाला ढकलत नेतो, श्रोतेही देतात. या दादेला छुइमसे म्हणतात. 'आधी गोसू, मग गायक' अशी त्यांच्यात म्हणच आहे. आवाज मऊ असून चालत नाही. तो खरखरीत, घासलेला हवा. त्यासाठी धबधब्याशेजारी उभं राहून त्याच्या वर आवाज काढायचा सराव करत, म्हणतात.

हे गायक, म्हणजे ग्वांगदे, समाजाच्या तळाचे होते. बाजारात, गावच्या उत्सवात गायचे. एकोणिसाव्या शतकात यांगबान, म्हणजे वरचा विद्वान-सरदार वर्ग, त्यांना घरी बोलावू लागला आणि इथे पान्सोरीचं नशीब फिरलं. पैसा आला, नाव आलं आणि त्याबरोबर कात्रीही आली. १८४३ सालच्या एका काव्यात बारा कथांचा उल्लेख आहे. त्यांतल्या पाचच आज पूर्ण सुरांसकट उरल्या आहेत. गोछांगचा श्रीमंत कारकून शिन जे-ह्यो (१८१२–१८८४) याने सहा कथांचे पाठ नीट लावून लिहून काढले, गायक पोसले, शिकवले. त्याची शिष्या जिन छे-सॉन १८६७ मध्ये राजवाड्यातल्या समारंभात गायली आणि बायकांसाठी हा रस्ता उघडला. शिन जे-ह्योने पाठ वाचवले हे खरं, पण त्यांना सोवळंही नेसवलं, असं माझं मत आहे.

उरलेल्या पाचांकडे पाहिलं की कात्री कशी चालली ते कळतं. पत्नीची निष्ठा, बापाची सेवा, भावांचं प्रेम, योद्ध्यांचा पराक्रम आणि सशाच्या कथेत, म्हणजे 'सुगुंगगा'त, राजनिष्ठा. कासव धन्यासाठी जिवावर उदार होतं ना! म्हणजे कन्फ्यूशियसच्या शिकवणीत सगळं बसतं. पण कथा ऐकायला बसा. राजा मेजवान्या झोडून आजारी पडलेला. दरबारात माशांचे मंत्री एकमेकांवर ढकलतात, जमिनीवर जायला कुणी तयार नाही. वर जंगलात मोठी जनावरं मानासाठी भांडतात. आणि शेवटी राजापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना उल्लू बनवतो तो दुबळा ससा. निष्ठेची गोष्ट म्हणून दिवाणखान्यात शिरली आणि आत येऊन दिवाणखान्याचीच टर उडवली. टिकून राहायचं असेल तर काळीज घरी ठेवून आलोय म्हणावं, हे ती कथा स्वतःही शिकली असावी.

पुढचं शतक पान्सोरीला जड गेलं. १९०२ मध्ये सोलमध्ये सरकारी नाटकगृह निघालं, तिथून एका गायकाच्या जागी अनेक पात्रं आली आणि छांगग्युक हा संगीत नाटकासारखा प्रकार आकाराला आला. १९१० ते १९४५ जपानी राजवट. ध्वनिमुद्रिका खपत होत्या, पण तीन-चार तासांची सबंध कथा तबकडीवर मावत नाही, म्हणून तुकडे लोकप्रिय झाले आणि सबंध कथा मागे पडली. कोरियन युद्धानंतर सिनेमा आला, पाश्चात्त्य गाणी आली.

१९६२ मध्ये दक्षिण कोरियाने सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला आणि १९६४ मध्ये त्याच्या यादीत पाचवी नोंद म्हणून पान्सोरी आली. जाणत्या गायकांना सरकारी मानधन आणि शिष्य तयार करण्याची जबाबदारी मिळाली. १९६८ मध्ये पाक दोंग-जिन यांनी दुसरी एक कथा, 'ह्युंगबोगा', सलग पाचेक तास गाऊन दाखवली, तेव्हा 'सबंध कथा' ही कल्पना पुन्हा जिवंत झाली. २००३ मध्ये युनेस्कोची मान्यता आली. जतनाचा तोटाही होता. पाठ गोठले. आधी प्रत्येक गायक आपली भर घालायचा, ती आता चूक ठरू लागली.

म्हणून २०१९ च्या सुमारास जमलेल्या ईनालची या बँडचं महत्त्व. त्या चित्रफितीतलं गाणं याच बँडचं. दोन बेस गिटार, एक ड्रमसेट आणि पान्सोरीच्या तालमीत वाढलेले चार गायक. नाव घेतलं ते ई नाल-ची (१८२०–१८९२) या गायकावरून. तो आधी दोरीवर चालणारा डोंबारी, मग गोसू, आणि गोसूला मिळणारी हलकी वागणूक सोसवेना म्हणून गायक झाला, असं सांगतात. 'सुगुंगगा'चे शब्द आणि चाली त्यांनी फारशा बदललेल्या नाहीत. 'वाघ उतरतोय' हा तुकडा मूळ पान्सोरीतच ऑन्मोरी या दहा मात्रांच्या तिरक्या तालात आहे. नर्तकांचे पाय त्यावर थिरकले यात नवल नाही.

आता तो वाघ मुळात का उतरतो? कासव सशाचं चित्र घेऊन जमिनीवर येतं. हनुवटी घासत लांबचा प्रवास केल्याने त्याचा जबडा आखडलेला असतो. सशाला आदराने 'तो सेंगवॉन', म्हणजे 'अहो ससेशास्त्री', अशी हाक मारायची, तर तोंडातून 'हो सेंगवॉन' निघतं. 'हो' म्हणजे वाघ. उभ्या जन्मात वाघाला कुणी शास्त्रीबुवा म्हटलेलं नसतं, तो खूश होऊन डोंगरावरून धावत सुटतो. सोलच्या रस्त्यांवरचा सगळा नाच एवढ्या एका अक्षराच्या चुकीवर उभा आहे, आणि कथेत तोवर कासवाची सशाशी भेटही झालेली नसते.