फॅशनचं शिक्षण: गिरणी, शिवणक्लास आणि जे.जे.

कापड मुलांनी शिकायचं, शिवण मुलींनी आणि चित्रकला आणखी तिसऱ्याच कुणी, ही मुंबईतली जुनी वाटणी. ‘लेकीला फॅशन डिझायनिंगला घातलंय’ असं आज सहज सांगतात. त्या अभ्यासक्रमात हे तिन्ही विषय असतात, पण त्यांची गाठ पडायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

सुरुवात गिरणीपासून. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, पण यंत्रांवरचे जाणकार बरेचसे लँकेशायरचे साहेब. इथलीच माणसं तयार व्हावीत म्हणून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं व्हीजेटीआय, उभं राहिलं. सूत कसं कातायचं, कसं विणायचं हे तिथे शिकवत. ठाणातून निघालेल्या कापडाचं पुढे काय करायचं, ते शिंप्याने बघावं!

मुलींची वाट वेगळी. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. त्याला पंधरा लाखांची देणगी दिली ती मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी यांनी, आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. तेच आजचं एसएनडीटी. गिरणीचा पैसा मुलींच्या शिक्षणात आला. गिरणीची विद्या मात्र आली नाही. मुलींना वस्त्रशास्त्र मिळालं ते गृहविज्ञानातून. १९५५ मध्ये सुरू झालेली निर्मला निकेतन ही मुंबईतली शिक्षणसंस्था त्याच परंपरेतली.

खरी गर्दी मात्र गल्लोगल्लीच्या शिवणक्लासला. पहिला धडा झबलं-टोपड्याचा, मग परकर, झंपर आणि शेवटी कटोरी ब्लाऊज. वहीत छोट्या मापाचं ड्राफ्टिंग काढायचं, तेच ब्राऊन पेपरवर पूर्ण मापाचं उतरवायचं आणि मगच कापडाला कात्री. मुंढ्याचा गोल चुकला की बाही खेचते, हे भूमितीचं गणित हजारो गृहिणी टेप आणि खडू घेऊन सोडवत होत्या. त्याला करिअर म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. ‘हाताशी काहीतरी असावं’ एवढाच हिशेब.

ही वाटणी मोडणाऱ्या बाई कोल्हापूरच्या. भानू राजोपाध्ये मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्या आणि मुंबईतल्या इंग्रजी स्त्री-नियतकालिकांसाठी कपड्यांची रेखाचित्रं काढू लागल्या. तिथून बुटीकसाठी कपडे आणि मग सिनेमा. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं, तेव्हा जगाला त्या भानू अथैया म्हणून ठाऊक झाल्या. फॅशनची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्या शिकत होत्या तेव्हा मुंबईत ती मिळतच नव्हती.

पदवीची गरज निर्माण केली ती निर्यातीने. १९७४ च्या मल्टी-फायबर करारामुळे श्रीमंत देशांनी कुठून किती कपडे घ्यायचे यावर कोटा बसला. नगांची संख्या बांधलेली, म्हणजे कमाई वाढवायची तर नगाची किंमत वाढायला हवी, आणि त्यासाठी डिझाइन हवं. १९७६ मध्ये एसएनडीटीच्या जुहू आवारात प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक आलं. १९८६ मध्ये वस्त्रोद्योग मंत्रालयाने दिल्लीत निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, काढली, न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूटच्या मदतीने. पुढच्याच वर्षी मुंबईत लायन गेटजवळ ‘आँसाम्ब्ल’ हे डिझायनर कपड्यांचं दुकान उघडलं आणि कपडे डिझायनरच्या नावाने विकले जाऊ लागले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने इकडे गिरणगाव खिळखिळं केलं होतं, अडीच लाख कामगार बाहेर पडले होते. कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेलं, शहराकडे उरला तो कपड्यांचा धंदा. निफ्टचं मुंबई केंद्र आलं १९९५ मध्ये, आता ते खारघरला आहे.

जुनी वाटणी पुरती गेली असं मला वाटत नाही. निफ्टमध्ये बी.डेस. (डिझाइनची पदवी) आणि बी.एफ.टेक. (फॅशन तंत्रज्ञानाची पदवी) वेगळे, आणि दुसऱ्यासाठी बारावीला गणित लागतं. बी.डेस.च्या प्रवेशात रेखाटन, सामान्य क्षमता आणि हाताने वस्तू घडवून दाखवायची सिच्युएशन टेस्ट असते. घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची प्रमाणपत्रं असली की पालक निर्धास्त होतात, पण ती तिसरी चाचणी मुलांना अडवू शकते. शिवणक्लासचा वारसा आयटीआयकडे गेला: ड्रेस मेकिंग, सुईंग टेक्नॉलॉजी, एकेका वर्षाचे ट्रेड, फीही परवडणारी. स्टुडिओत पॅटर्न कापणारे हात बऱ्याचदा याच बाजूचे असतात. लेबलवर नाव मात्र दुसऱ्याचं.