वेढ्यांचा हिशेब

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधींच्या दुकानात नुसतं ‘गुटी द्या’ म्हटलं की पुरतं. कागदाच्या पुडीत हळकुंड, वेखंड, मायफळ, जायफळ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, सुंठ, काकडशिंगी, अतिविष, खारीक, बदाम असा तान्ह्या बाळाला उगाळून चाटवायचा ऐवज येतो. पुडी नाकाशी धरली की माझ्या पिढीतल्या कुठल्याही बाईला आजीची सहाण आठवावी.

यंदा उन्हाळ्यात ती पुडी मी घरी आणली, कारण लेक बाळंतपणाला नौपाड्यात माझ्याकडे होती आणि सहा आठवड्यांची नात रोज दिवेलागणीला रडायला लागायची ती नऊ-साडेनऊपर्यंत थांबायची नाही. विहीणबाईंचा डोंबिवलीहून रोज फोन, “ताई, गुटी सुरू केलीत का?” लेक एकीकडे थकलेली आणि दुसरीकडे घाबरलेली. “आई, गोळ्या-औषधं नकोत मला. काहीतरी घरचं, नैसर्गिक सांग.”

तिची भीती खोटी नव्हती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं द्रव्य सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोतच. ही बातमी वाचलेल्या आईने घरच्या उपायांकडे वळावं, हे साहजिक आहे. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे ‘नैसर्गिक’ की ‘रासायनिक’ हा प्रश्न मला पुढे नेत नाही. जायफळातही रसायनंच असतात. मी तीन गोष्टी विचारते. त्यात आहे काय, किती जातंय आणि कोणत्या वयाच्या शरीरात जातंय?

गुटीत ‘किती’चा विचार आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एकच, जायफळाचा अर्धा, मूल वाढेल तसा वेढा वाढवायचा. वेढा म्हणजे सहाणेवर मुळी एकदा गोल फिरवणं, आणि तीच मात्रा. वजनकाटा नसलेल्या घरात बायकांनी शोधलेलं हे मापन आहे. जायफळ जास्त झालं तर मूल गुंगतं, हे त्यांना त्यातल्या मायरिस्टिसिन या द्रव्याचं नाव माहीत नसताना कळलेलं होतं.

पण वेढ्याला दिसत नाही असंही पुष्कळ असतं. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाण्यात वापरायला बंदी घातली. वेखंडाच्या जातीप्रमाणे हे द्रव्य कमी-जास्त असतं, आणि आपल्याकडच्या वेखंडात ते भरपूर असतं. दोन मुळ्या दिसायला सारख्या, वेढाही तोच, पण पोटात जाणारी मात्रा वेगळी. शिवाय दमट हवेत मुळीला धरलेली बुरशी, सहाणेच्या खाचेत राहिलेला कालचा लगदा, उगाळायला घेतलेलं पाणी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. पुडी मी कपाटात ठेवून दिली.

मग रडण्याचं काय? १९५४ मध्ये मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने अशा रडण्याची खूण बांधून दिली. एरवी दूध नीट पिणारं, वजन वाढणारं बाळ दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडतं. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोहोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. आता बघा, घरातली माणसं हैराण होतात तीही सहाव्या आठवड्यातच आणि उपाय सुरू होतो तोही तेव्हाच. त्या दिवशी गुटी द्या, दृष्ट काढा, नाहीतर दुकानातलं पोटदुखीचं पाणी पाजा, पुढच्या महिन्यात बाळ कमी रडणारच. श्रेय मात्र शेवटच्या उपायाला जातं. घरोघरच्या ‘आम्हाला गुण आला’ या खऱ्याखुऱ्या अनुभवांमागे बऱ्याचदा हा काळाचा हात असतो.

आम्ही दिवे मंद केले, पाजल्यावर तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढला आणि आळीपाळीने गॅलरीत फेऱ्या घातल्या. विहीणबाईंच्या मनाखातर बेंबीभोवती हिंगाचा लेपही लावला. नाळ पडून जागा पुरती वाळलेली असेल तर त्याला माझी हरकत नाही, कोमट हाताने पोट चोळलं जातं हे बरंच. पोटात मात्र हिंग नको. हिंगाचं औषध पाजलेल्या पाच आठवड्यांच्या एका बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहीनासं झाल्याची नोंद १९८४ सालची आहे.

आता मधाविषयी. इथे मला जरा थांबायचंय, कारण हा एकच पदार्थ वर्षाच्या आत विष ठरू शकतो आणि वर्षानंतर खोकल्यावरचा चांगला उपाय.

माझ्या लेकीला जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवला होता. तिला काही झालं नाही. ‘आमच्या सगळ्यांना चाटवला, कोणाला झालं काही?’ हा प्रश्न त्यामुळेच घराघरात विचारला जातो. मधात कधी कधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच जिवाणूंची भरगच्च वस्ती असते, त्यामुळे या पाहुण्यांना रुजायला जागा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून बसायची असते. तिथे बीजाणू रुजतात आणि विष तयार करतात. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोहोचतो तो ॲसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत, आणि हे विष नेमकं तेच सुटू देत नाही. सुरुवात बद्धकोष्ठाने होते. मग दूध ओढण्यात जोर राहत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या जड होतात, मान टाकली जाते, आणि शेवटी श्वासाचे स्नायूही थकू शकतात. मध उकळून ही बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ लागते. हा आजार विरळा आहे, म्हणूनच एका घरातल्या चार-पाच मुलांच्या अनुभवात तो दिसत नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या जिभेला मध लावायचा नाही, बारशालाही नाही.

आणि वर्षानंतर? २००७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात दोन वर्षांवरच्या १०५ मुलांवर प्रयोग झाला. रात्री झोपताना काहींना मध, काहींना खोकल्याचं औषध, काहींना काहीच नाही. पालकांनी सांगितलेल्या अनुभवात मध सर्वात वरचढ ठरला. २०१२ मध्ये इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांवर याहून चोख प्रयोग झाला. तिथे मधाशी तुलना होती मधासारख्याच दिसणाऱ्या खजुराच्या पाकाची, आणि आपल्या मुलाला काय मिळालं हे पालकांना ठाऊक नव्हतं. मध मिळालेली मुलं जास्त शांत झोपली. पण पाक मिळालेल्यांचा खोकलाही दुसऱ्या रात्री कमी झाला होता, हे मला फार बोलकं वाटतं. घट्ट गोड पदार्थ घशाला लेप देतो, लाळ सुटते, आणि सर्दीही आपल्या गतीने उतरत असते. म्हणून वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध जरूर द्या. आल्याचे चार थेंब घातले तर चवीला हरकत नाही, गुण मात्र मधाचाच धरा.

ठाण्याच्या पावसाळ्यात घरटी एक तरी मूल जुलाबाने आडवं असतं. आमच्या मजल्यावरचा तीन वर्षांचा मुलगा जुलैत असाच मलूल झाला. त्याची आजी जायफळ घातलेला कोरा चहा देत होती आणि ‘पोटाला विश्रांती’ म्हणून बाकी सगळं बंद. मी डब्यातून तांदूळ काढले आणि पेज टाकली.

पेजेमागचं विज्ञान मला वर्गात शिकवायला सर्वात आवडायचं. आतड्याच्या पेशींवर एक दार आहे, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं. जोडी आत गेली की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. जुलाबात आतड्यातून पाणी धो धो बाहेर पडत असतं तेव्हाही हे दार बहुधा शाबूत असतं. नुसतं पाणी पाजलं तर पुरेसं शोषलं जात नाही. मीठ-साखर योग्य प्रमाणात असेल तर जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. मला वाटतं, शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे नाव ठाऊक असायला हवं.

मीठ घातलेली भाताची पेज याच तत्त्वावर चालते. पिष्टाचं हळूहळू ग्लुकोज होतं आणि दार उघडत राहतं. हा आपल्या स्वयंपाकघरातला खरोखर गुणकारी उपाय. तरी तान्ह्या आणि लहान मुलांना ओआरएसची पुडीच पहिली, कारण तिथे माप पक्कं असतं. मोठी पुडी एक लिटर पाण्याची. ती अर्धी-पाऊण अंदाजाने पेल्यात टाकली तर मिठाचं प्रमाण वाढून मुलाला अपाय होतो. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट हा शब्द महत्त्वाचा, कारण आपल्या वेढ्याचीच ही बहीण. सोबत डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक चौदा दिवस, आणि खाणं किंवा अंगावरचं दूध अजिबात बंद नाही. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, शरीरातलं पाणी टिकतं. हे न कळल्यामुळे दुसऱ्याच दिवशी ‘गुण नाही’ म्हणून ते सोडून देणारे पालक मी पाहिलेत. डोळे खोल गेले, सहा-सात तास लघवी नाही, मूल पाणीही घेईना किंवा शौचातून रक्त पडलं, तर मात्र घरी थांबायचं नाही.

ताप असताना अंगावर दुलई घालू नका आणि बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्याही नकोत. कोमट पाण्याने अंग पुसा आणि वजनाच्या हिशेबाने डॉक्टरांनी लिहिलेलं पॅरासिटामॉल द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० च्या वर ताप आला तर तो घरगुती प्रश्नच नाही. पावसाळ्यात तापाबरोबर पोट दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर डेंग्यू मनात धरा.

एका गोष्टीवर मला हात जोडून सांगावंसं वाटतं, ती म्हणजे कापूर. ओव्याबरोबर पुरचुंडीत बांधून उशाशी, खोबरेल तेलात विरघळवून छातीला, हे सर्रास चालतं. कापूर कातडीतून आणि नाकाच्या अस्तरातून पटकन रक्तात जातो आणि मेंदूला चेतवतो. लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि जेमतेम एक ग्रॅम पोटात गेल्याने मूल दगावल्याच्या नोंदी आहेत. देवघरातला डबा मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. मेंथॉलच्या मलमांनी नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, तेही फसवंच. मेंथॉल गारव्याची जाणीव करून देणाऱ्या तंतूंना चाळवतं, वाट तेवढीच अरुंद राहते. नाकात-कानात तेलाचे थेंबही नकोत, नाकातलं तेल फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनिया होऊ शकतो.

वाट अरुंद म्हणजे किती, तेही सांगते. तान्ह्या बाळाची श्वासनळी साधारण चार मिलिमीटर रुंद. चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली की रुंदी निम्मी होते, आणि हवेला होणारा अडथळा रुंदीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे तो सोळापट होतो. म्हणून मोठ्याची साधी सर्दी बाळाला दमवते. औषधाच्या दुकानातले साध्या मीठपाण्याचे नाकाचे थेंब, त्यानंतर हलकेच शेंबूड ओढून घेणं आणि थोडं थोडं अंगावर पाजणं, तान्ह्यासाठी एवढंच खरं उपयोगाचं.

ऑगस्टात एका रात्री दोन वाजता लेकीचा घोडबंदर रोडवरच्या तिच्या घरून फोन आला. नात पाच महिन्यांची, नाक चोंदलेलं, छातीत घुरघुर. “आई, वेखंडाचा लेप लावू का?” मी म्हटलं, आधी तिचा झगा वर कर, पोट दिसू दे, घड्याळ समोर ठेव आणि ती शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, एक ते पाच वर्षांत चाळीस. श्वास तेवढे किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, ओठ निळसर दिसले, दूध सुटलं, तर सकाळची वाट न बघता निघायचं. फोन तसाच चालू होता. पलीकडून लेकीचं पुटपुटणं ऐकू येत होतं, मधेच चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली. “आणि आई, दूध ओढतेय ती.”