सिंथेटिक इंजिन ऑइलची पारख: बेस ऑइलपासून निर्मात्याच्या मान्यतेपर्यंत

१९७०च्या दशकात मोटारींसाठी सिंथेटिक ऑइल बाजारात आले, तेव्हा त्याची पारख बेस ऑइलवरून, म्हणजे ज्यात बाकीचे घटक मिसळतात त्या मूळ तेलावरून, सहज होत असे. कारण ते पॉलिअल्फाओलेफिन (पीएओ) किंवा जेट इंजिनांत आधीच रुळलेले एस्टर, म्हणजे रासायनिक क्रियेने घडवलेले तेल असे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणात पीएओ चौथ्या गटात येते आणि एस्टर पाचव्या.

गुंतागुंत झाली ती तिसऱ्या गटामुळे. हे तेल मुळात खनिजच, पण हायड्रोजनच्या साहाय्याने त्याच्या रेणूंची रचना इतकी बदललेली असते की व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापमान बदलले तरी तेलाचा दाटपणा किती टिकतो याचा निर्देशांक) १२० किंवा त्याहून अधिक भरतो. कॅस्ट्रॉलने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘सिंटेक’ या आपल्या सिंथेटिक ऑइलमध्ये पीएओऐवजी ते वापरायला घेतले. त्याला ‘सिंथेटिक’ म्हणण्याविरुद्ध मोबिलने अमेरिकेतील नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजन या जाहिरातींतील दावे तपासणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली, आणि १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या उल्लेखावरून आतले बेस ऑइल ओळखता येत नाही.

याचा अर्थ तिसरा गट निकृष्ट, असा मुळीच नाही. कडाक्याच्या थंडीत पीएओ सरस ठरते हे खरे. पण निव्वळ पीएओत अ‍ॅडिटिव्ह (गुणधर्म सुधारण्यासाठी घातलेली रसायने) नीट विरघळत नाहीत आणि रबरी सील आक्रसतात, म्हणून त्यात एस्टर मिसळावे लागते. त्यामुळे तपासायचे ते तयार ऑइलच, आणि नेमके हेच काम इंजिन निर्मात्यांनी हाती घेतले.

फोक्सवॅगनच्या पंप-ड्यूझे डिझेल इंजिनांत झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टलाच इंधन फवारणारे इंजेक्टरही दाबावे लागत असल्याने तिच्यावर प्रचंड ताण येई, आणि योग्य ग्रेडचे (दाटपणाचे) पण फोक्सवॅगनची ५०५.०१ ही मान्यता नसलेले ऑइल वापरल्यास कॅम झिजण्याचा धोका असे. बाष्पीभवनाचेही तसेच. नोआक चाचणीत ऑइल २५० अंश सेल्सिअसला तासभर तापवून घट मोजतात. एसीईए या युरोपीय वाहन निर्मात्यांच्या संघटनेच्या ए३/बी४ श्रेणीला १३ टक्क्यांपर्यंत घट चालते, मर्सिडीज-बेंझच्या २२९.५ या मान्यतेला मात्र १० टक्क्यांपर्यंतच. अर्थात ही किमान पात्रता आहे. एकच मान्यता असलेली दोन ऑइल तंतोतंत सारखी असतीलच असे नाही.

डब्याच्या मागची ओळही नीट वाचायला हवी. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे निर्मात्याने ते ऑइल रीतसर मंजूर केले आहे. ‘या इंजिनांसाठी योग्य’ हा केवळ ऑइल कंपनीचा दावा असू शकतो. मर्सिडीज-बेंझ मान्य ऑइलची यादी स्वतः प्रसिद्ध करते, त्यामुळे तिथे नाव पडताळून पाहता येते.