सेलेरॉन ३००ए पासून आजपर्यंत: प्रोसेसर ‘स्थिर’ कधी म्हणायचा?

प्रोसेसरचा वेग म्हणजे बस (मदरबोर्डचे मूळ घड्याळ) गुणिले मल्टिप्लायर. आधी मल्टिप्लायर वाढवा, मग गरजेपुरते व्होल्टेज द्या, हा ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे प्रोसेसर ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा, आजचा क्रम १९९८ मध्ये बहुतेकांना वापरताच येत नव्हता. त्या ऑगस्टमध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला: बस ६६ मेगाहर्ट्झ, मल्टिप्लायर ४.५ आणि तोही कारखान्यातच लॉक केलेला. उरली फक्त बस. ती १०० वर नेली की थेट ४५० मेगाहर्ट्झ.

हे जमायचे ते कॅशेमुळे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीमुळे. पेंटियम २ ची ५१२ किलोबाइट कॅशे वेगळ्या चिप्समध्ये, निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची १२८ किलोबाइटच, पण प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर, पूर्ण वेगाची. त्यामुळे बाहेरच्या चिपची आडकाठी नव्हती आणि कित्येक नग मूळ २.० व्होल्टवरच ४५० गाठत.

खरा धोका मधल्या आकड्यांत होता. पीसीआयचा, म्हणजे इतर कार्डे आणि कंट्रोलर जोडणाऱ्या मार्गाचा, वेग बसला भागून ठरे. १०० ला ३ ने भागले की ३३, म्हणजे हवा तेवढाच. पण ८३ ला भागायचे २ ने, म्हणजे ४१.५. हार्ड डिस्कचा कंट्रोलर त्याच घड्याळावर चालायचा, त्यामुळे प्रोसेसर ठणठणीत असतानाही फाइल्स बिघडत. ८३ पेक्षा १०० सुरक्षित, ते यामुळे.

‘विंडोज सुरू झाले’ म्हणजे स्थिर नव्हे, हा धडा प्राइम९५ ने दिला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्यांच्या शोधासाठी सुरू केलेल्या प्रकल्पाचा हा प्रोग्रॅम. एका संख्येची तपासणी दीर्घकाळ चाले आणि एक बिट चुकला तरी सगळी मेहनत वाया. म्हणून त्यात पडताळणी अंगभूतच आहे: आलेले उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ हवे, फरक ०.४ च्या वर गेला की चाचणी थांबते. स्क्रीनवर सगळे सुरळीत दिसत असतानाही चूक पकडली जाते, हे याचे मोल.

२०११ च्या सँडी ब्रिजमध्ये १०० मेगाहर्ट्झच्या मूळ घड्याळाला इतक्या जोडण्या बांधलेल्या होत्या की ते जेमतेम काही टक्केच हलवता येई. मात्र आय५-२५००के सारख्या नगांचा मल्टिप्लायर मोकळा होता. आजचा क्रम इथूनच रुळला: एकेक पायरी चढा, १०-१५ मिनिटे प्राइम९५ ची ‘स्मॉल एफएफटी’ ही मुख्यतः प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी चालवा, चूक आली तर ०.०१-०.०२ व्होल्ट वाढवा, शेवटी काही तास त्यातलीच ‘ब्लेंड’ चाचणी, कारण त्यात रॅमही तपासली जाते. व्होल्टेजबाबत हात आखडता हवा. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.३ वरून ४.५ गिगाहर्ट्झ आणि १.२ वरून १.३५ व्होल्ट केले, तर वीज सुमारे १.७ पट लागते.

एएमडीच्या रायझन ५००० पासून कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणक भागाचे, व्होल्टेज ऋण मूल्य देऊन कमी करण्याची सोय) आला आणि बिघाडाची जागा बदलली. व्होल्टेज फार कमी केले तरी सगळ्या कोअरवरची चाचणी रात्रभर पास होते, आणि सकाळी ब्राउझर उघडताना मशीन रीस्टार्ट होते. सर्वाधिक बूस्ट (आपोआप वाढणारा वेग) एकाच कोअरवर हलका भार असताना मिळतो आणि तिथेच व्होल्टेज अपुरे पडते. त्यामुळे आता प्रत्येक कोअर सुटा तपासावा लागतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘WHEA-Logger’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी पाहाव्या लागतात. अशी एक जरी नोंद दिसली, तर त्या कोअरचे ऋण मूल्य ३ ते ५ ने शून्याकडे आणून चाचणी पुन्हा पहिल्यापासून.